सहकुटुंब चित्रदर्शन

सुटीच्या दिवशीं मुलांबाळांसह घराबाहेर पडावें, एखादी चित्रशाळा किंवा वस्तुसंग्रहालय पाहावें, आणि पायांत बळ उरल्यास भोंवतालच्या जुन्या वस्तींतून एक फेरी मारून घरीं यावें, ही चाल आपल्या सुशिक्षित मध्यम वर्गांत आतां चांगलीच रुळली आहे. ज्या घरांत पूर्वीं रविवार म्हणजे उशिराचें जेवण, लांबलेली वामकुक्षी आणि दिवेलागणीच्या आधीं चौपाटी एवढाच अर्थ होता, त्या घरांत आज कोणतें प्रदर्शन कोठें भरलें आहे याची चौकशी शनिवारीं रात्रींच होते. मुंबईंत काळ्या घोड्याच्या परिसरांत, भायखळ्यास राणीच्या बागेंत, पुण्यास केळकर संग्रहालयांत सुटीच्या दिवशीं जी गर्दी दिसते, तींत बरीच माणसें आपल्यासारख्याच घरांतलीं असतात. या चालीचें आम्ही मनापासून स्वागत करतों. परंतु स्वागत झालें म्हणजे परीक्षण करूं नये असें थोडेंच आहे! नाट्यगृह भरलें एवढ्यावरून नाटक रंगलें असें कोणी म्हणत नाहीं. चित्रशाळा भरल्या, ठीक आहे. पण तेथें जाऊन आपण करतों काय, आणि फोनांतील पन्नास छायाचित्रें सोडलीं तर परत येतांना बरोबर काय आणतों, हा प्रश्न कोणी तरी विचारला पाहिजे.

जें दिसतें तें असें. कुटुंब दालनांत शिरतें. वडील पुढें होतात आणि चौकटीशेजारची पाटी मोठ्यानें वाचतात : चित्रकाराचें नांव, साल, तैलरंग कीं जलरंग, कोणाची देणगी. आई मान हलविते. मुलगी चित्राचें एक छायाचित्र घेते. मग सारीं जणें पुढच्या पाटीकडे वळतात. परवां एका चित्रशाळेंत बाकावर बसून आम्ही ही रीत बराच वेळ न्याहाळीत होतों. एका कुटुंबानें पाऊण तासांत तीन दालनें संपविलीं, आणि त्या अवधींत चित्रांपेक्षां पाट्यांवरच त्यांची नजर अधिक वेळ खिळली होती असें आमचें स्पष्ट मत झालें. यांत त्यांचा आळस नव्हता. उलट कर्तव्यबुद्धीच होती. शाळेंत, कॉलेजांत, कचेरींत आपला सारा वर्ग अक्षरांवर वाढला. जेथें अक्षर दिसेल तेथें आपला डोळा आधीं धांवतो, आणि पाटी वाचली कीं वस्तु कळली असें आपणांस अगदीं प्रामाणिकपणें वाटतें.

वास्तविक मुक्यानें चित्र पाहण्याची संवय आपल्या लोकांची नव्हे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी गांवीं ठाकर समाजांतील चित्रकथींचीं घरें आहेत. त्यांच्याजवळ रामायण-महाभारतांतील प्रसंगांच्या रंगीत चित्रांच्या पोथ्या असतात. पोथी म्हणजे सुट्या कागदांवरील चित्रांचा संच. कथेकरी एकेक चित्र उभें धरतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर त्यांतील कथा गाऊन व बोलून सांगतो. कथा पुढें सरकली म्हणजे मग पुढचें चित्र. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, एका चित्रासमोर किती वेळ थांबावयाचें हें प्रेक्षकाच्या पायांवर अवलंबून नसून कथेवर अवलंबून असतें. राम जोंपर्यंत हरणामागें धांवतो आहे तोंपर्यंत श्रोत्याला तें एकच चित्र पुरवून पुरवून पाहावें लागतें. हरणाचें मागें वळलेलें तोंड पाहून झालें कीं तो रामाच्या डोळ्याकडे येतो, तेथून धनुष्याकडे जातो, आणि सांगणारा अजून बोलतोच आहे म्हणून पुन्हां हरणाकडे येतो. ऐकतां ऐकतां पाहतो म्हणूनच त्याला इतकें दिसतें.

वस्तुसंग्रहालय ही संस्था आपल्याकडे साहेबाच्या बरोबर आली आणि येतांना आपली कुजबुजती शांतता घेऊन आली. त्या शांततेवर आमचा राग नाहीं. दहा जणांनीं एकदम मोठ्यानें बोलावें आणि अकराव्यानें चित्र पाहावें हें शक्य नाहीं. परंतु आपल्या कुटुंबांचें तेथील मौन हें भक्तीचें मौन नव्हे, तें भीतीचें मौन आहे. आपण कांहीं बोललों तर आपलें अज्ञान उघडें पडेल, ही ती भीति. हींच माणसें नाटकाच्या मध्यंतरांत नायिकेच्या एका हुंदक्यावर तावातावानें वाद घालतात. गाण्याचें तर विचारूंच नये. भातखंडे आणि पलुस्कर यांनीं संगीत घरोघर नेलें, तेव्हांपासून पेटीला कधीं हात न लावलेला कारकूनहि यमन आणि भूप यांतला भेद सांगूं लागला. चित्रकलेच्या वांट्यास असा उपाध्याय आला नाहीं. काव्यांतील रस किती आणि कोणते यावर आमच्या टीकाकारांनीं पिढ्या घालविल्या. चित्रासंबंधीं आमच्या घरांत मात्र तीनच उद्गार चालतात : ‘छान’, ‘हुबेहूब’ आणि ‘कांहीं कळत नाहीं बुवा’. भाषाच नसल्यामुळें डोळाहि अडखळतो. जें सांगतां येत नाहीं तें पाहण्याचा कंटाळा येतो, आणि वडील माणसांचा कंटाळा मुलें चटकन् उचलतात. दहा वर्षांच्या मुलास दोन-चार वेळां चित्रशाळेंत नेऊन तेथें कंटाळावयास शिकविलें, तर तो मोठेपणीं आपल्या मुलांस तेथें नेणार नाहीं. तें एक वेळ चालेल. परंतु त्याच्या गल्लींतील शंभर वर्षांचें लांकडी घर पाडूं लागले म्हणजे त्याच्या डोळ्याला कांहीं खुपणारहि नाहीं, आणि या प्रकरणाचें महत्त्व आम्हांस वाटतें तें एवढ्यासाठीं.

याच्या उलट प्रकार पाहावयाचा असेल तर पुण्यास शुक्रवार पेठेंत राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जावें. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांनीं लहानपणीं वारलेल्या आपल्या राजा नांवाच्या मुलाच्या स्मरणार्थ हा संग्रह उभारला आणि १९७५ सालीं तो सरकारच्या स्वाधीन केला. हत्यारें, वाद्यें, वस्त्रें तेथें आहेतच. पण त्या संग्रहाचा जीव घरगुती वस्तूंत आहे. समया आणि दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, फण्या, वजऱ्या, कुलपें, दौती. पाट्या तेथेंहि आहेत. पण तेथें बोलणें पाटीपासून सुरू होत नाहीं. आजी अडकित्त्यापाशीं थांबते आणि तो कसा धरावयाचा हें रिकाम्या हातानेंच करून दाखविते. वजरी ही काय वस्तु आहे हें नातीला ठाऊक नसतें. आजी आपली टांच पुढें करते. मग नात विचारते, टांचच घासावयाची तर तिच्यावर मोर कशाला? हा सौंदर्यशास्त्रांतील अगदीं मूळचा प्रश्न होय. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या तोंडून तो काढून घेण्यास आम्हांस वर्गांत एक सत्र पुरत नाहीं, आणि येथें आठ वर्षांची पोर तो उभ्या उभ्या विचारून टाकते. आजीचें उत्तर बरोबरच असेल असें नाहीं. ती म्हणेल, मोर नसता तर ती माझ्या सासूनें घेतलीच नसती. आम्हांस हें उत्तर पुष्कळ ग्रंथांतील उत्तरांहून पसंत आहे. पण तो मुद्दा निराळा. मुद्दा हा कीं, येथें आजी चित्रकथी झाली, आणि तिचें सांगून होईपर्यंत वजरी समोरून हलली नाहीं.

कोणी म्हणेल, अडकित्ता म्हणजे कांहीं चित्र नव्हे. वापरण्याच्या वस्तूंची ओळख म्हणजे कलेची ओळख नव्हे. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. वजरीवरचा मोर पाहून ‘कशाला?’ असें ज्याला वाटलें, त्याचा डोळा कामाच्या पलीकडील गोष्टीकडे एकदां गेला. तो पुढें चौकटींतील मोराकडे जाण्यास वेळ लागणार नाहीं. खरी अडचण दुसरीच आहे : अशा आज्या आतां फार वर्षें मिळणार नाहींत. जिचा सारा संसार मिक्सर आणि स्टेनलेस स्टील यांवर झाला, ती आजी वजरीपाशीं पाटीच वाचील.

मुंबईच्या मोठ्या संग्रहालयांतहि आपलें घर आहे. तें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं इतकेंच. छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, म्हणजे जुन्या लोकांच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमची, कोनशिला १९०५ सालीं बसली. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणें इमारत उठली, पहिल्या महायुद्धांत तींत लष्करी इस्पितळ होतें, आणि १९२२ च्या जानेवारींत तिचें संग्रहालय म्हणून उद्घाटन झालें. घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या वळणाचा, दगड कुर्ल्याचा आणि मालाडचा, हें सर्व वाटाडे सांगतात व मंडळी माना वर करून घुमट पाहतात. परंतु मधल्या दालनांतील लांकडी कमानींचा मंडप विटेट यांनीं नाशिकच्या एका वाड्याच्या लिलांवांत विकत घेऊन येथें बसविला आहे. ज्यांच्या आजोळीं लांकडी खांबांचा चौक होता, दुपारीं त्या खांबांना पाठ लावून ज्यांनीं आंबे खाल्ले, असे कित्येक आजोबा त्या मंडपाखालून घुमटाकडे पाहत निघून जातात! खांबाचा तळखडा, वरचें हस्त, कमानीची महिरप हे शब्द त्यांच्या तोंडीं अजून आहेत, पण येथें ते उच्चारावयाचे असतात हें त्यांस सुचत नाहीं, कारण ही ‘गॅलरी’ आहे. त्याच संग्रहालयानें १९१५ सालीं शेट पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह घेतला. त्यांतील कांहीं वस्तु मूळच्या नाना फडणिसांच्या होत्या. वाईच्या सहलींत ज्या मुलांनीं मेणवलीस नानांचा वाडा आणि त्याच्या भिंतींवरील पुसट चित्रें पाहिलीं आहेत, त्यांना एवढी गोष्ट जरी येथें कोणी सांगितली, तरी कांचेच्या कपाटांतील वस्तूला एकदम घर मिळतें.

चित्रशाळेच्या बाहेरहि, रस्त्यावर आणि बाजारांत, अशा वस्तु आहेत. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे हल्लींची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ सालीं पुरी झाली. तिच्या प्रवेशद्वारांवरील दगडी उठावाचीं चित्रें जॉन लॉकवुड किपलिंग यांचीं आहेत. ते तेथून हांकेच्या अंतरावरील जे. जे. कलाशाळेंत शिकवीत. त्या चित्रांत कामकरी, शेतकरी माणसें आहेत, आणि त्यांच्या बरोबर खालून तशींच माणसें डोक्यावर पाट्या घेऊन आंतबाहेर करीत असतात. आपण तेथें आंब्याचा भाव करतों, वर पाहत नाहीं. राजाबाई टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातिजमातींच्या चोवीस पुतळ्या आहेत. त्या इतक्या उंच आहेत कीं दुर्बीण नेल्यावांचून पगडी कोणाची आणि पागोटें कोणाचें हें ओळखूं येणार नाहीं. मात्र मुलांच्या हातीं दुर्बीण दिली तर ती ओव्हल मैदानावरची एक दुपार पुरून उरेल.

परंतु चित्र आणि वस्ती यांचा सांधा ज्यानें प्रत्यक्ष जुळवून दाखविला असा चित्रकार म्हणजे रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर. आज त्यांचें नांव घेतलें म्हणजे जाणकार मंडळी किंचित् हंसतात. आम्हांस तें हंसूं मान्य नाहीं. धुरंधर १८६७ सालीं कोल्हापुरास जन्मले, १८९० च्या आरंभीं जे. जे. कलाशाळेंत विद्यार्थी म्हणून शिरले, तेथेंच शिक्षक झाले आणि १९३१ सालीं निवृत्त झाले. ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या त्यांच्या आठवणींच्या नांवांतच तो हिशेब आला आहे. एस्. एम्. एडवर्ड्स या गोऱ्या अंमलदारानें मुंबईच्या आडरस्त्यांवर एक इंग्रजी पुस्तक लिहिलें, तें १९१२ सालीं धुरंधरांच्या चित्रांसह निघालें. एडवर्ड्स त्या वेळीं मुंबईचे पोलिस कमिशनर होते. पुस्तक अजून वाचनीय आहे, पण वाचतांना एक गोष्ट जाणवते : लेखकाला गल्लींत गूढ हवें असतें. रात्र, धूर, अफूचा अड्डा, नाचणारीण. धुरंधरांना मात्र गल्ली ओळखीची असते. त्यांचीं माणसें कोणत्याहि गूढाचे प्रतिनिधि नसून कोठें तरी निघालेलीं माणसें आहेत. कोणाला उशीर झाला आहे, कोणी सावलीस थांबला आहे, कोणाचें ओझें डाव्या खांद्यावरून उजव्यावर जात आहे.

धुरंधरांचीं पौराणिक तैलचित्रें आम्हांस सर्वच आवडतात असें नाहीं. त्यांत पुष्कळदां नाटकमंडळीच्या पडद्याची छाया पडते, आणि देवांच्या चेहऱ्यावर भाव यावा म्हणून जी खटपट केलेली असते ती दिसते. पण रस्त्यावरच्या माणसाचें दहा रेघांचें रेखाटन घ्या, तेथें खटपट नाहीं. विशेषतः लुगडें नेसण्याच्या तऱ्हा. कासोटा किती वर, पदर कोणत्या खांद्यावर, ओचा कसा खोंचला, यावरून बाई कोणत्या समाजाची, कोणत्या कामाला निघालेली, हें त्यांच्या चित्रांत सांगतां येतें. येथें पुन्हां घरांतील वडील बाईचें काम पडतें. ‘हुबेहूब’ या शब्दाच्या पुढें जावयाचें असेल तर हाच रस्ता आहे : कशासारखें हुबेहूब, आणि तें आतां कोठें आहे? धुरंधरांचीं विनोदी चित्रकार्डेंहि आहेत, आणि तीं मुलांच्या हातीं आधीं द्यावीं असें आमचें मत आहे. थोर कला नंतर भेटेल. त्यांच्या आधीं अर्धें शतक गोविंद नारायण माडगांवकर यांनीं हेंच काम लेखणीनें केलें होतें. त्यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालचें. शहर पायीं हिंडावें, बाजारांत उभें राहावें, कोण काय विकतो आणि कसा ओरडतो हें टिपावें, ही विद्या आपल्या भाषेंत त्या पुस्तकाइतकी जुनी आहे. ती कोणा परदेशी प्रवासपुस्तकांतून शिकण्याचें आपणांस कारण नाहीं.

हें सांगण्याचें कारण ‘हेरिटेज वॉक’ या नांवानें निघणाऱ्या पायफेऱ्या. गिरगांवची खोताची वाडी हें त्यांचें आवडतें स्थळ. फेऱ्यांचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. लांकडी कठडा, कौलारू उतार, रस्त्याकडे उघडणारा व्हरांडा यांस किंमत आहे हें त्या घरांच्या मालकांना परक्यांनीं येऊन सांगितलें, हेंहि थोडकें नाहीं. पण तेथें जो प्रकार चालतो तो चित्रशाळेंतील पाटी-वाचनाचाच जुळा भाऊ आहे. वाटाड्या हाच येथें चालती पाटी. तो खांबाची घडण पोर्तुगीज वळणाची असल्याचें सांगतो, वीस जण एकदम फोन वर करतात, आणि व्हरांड्यांत वर्तमानपत्र वाचीत बसलेला म्हातारा त्या वीस चित्रांत जातो. त्याला कोणी नमस्कार केलेला आम्हीं क्वचित् पाहिला. घर पाहावयाचें आणि घरांतल्याकडे पाहावयाचें नाहीं, किंवा त्यालाच कांचेच्या कपाटांतील वस्तु समजावयाचें, या दोन्ही गोष्टी सारख्याच असभ्य आहेत. आपल्या वाडींत कोणी असें शिरलें तर आपण काय म्हणूं? एकेकाळीं वाडींत जेवढीं घरें होतीं त्यांतील निम्मींहि आतां उरलीं नाहींत. भोंवतीं उंच इमारतींनीं घेरा दिला आहे. जीं उरलीं तीं कां उरलीं, आणि ज्यांनीं विकलीं त्यांनीं कां विकलीं, हें वाटाड्यापेक्षां त्या म्हाताऱ्याला अधिक ठाऊक असतें. जिना दुरुस्त करावयास येणारा सुतार आतां मिळत नाहीं, भाऊ तिघे आणि तिघांचे वांटे तीन देशांत, भाडें ठरून सत्तर वर्षें झालीं, हीं कारणें स्थापत्याच्या परिभाषेंत बसत नाहींत. पण जुनीं घरें पडतात तीं बहुधा याच कारणांनीं. वीस जणांच्या घोळक्यानें हें विचारतां येत नाहीं. चौघांच्या कुटुंबानें विचारतां येतें. कुटुंब म्हणून बाहेर पडण्याचा फायदा तो हाच, आणि नेमका तोच घोळक्यांत मिसळून आपण घालवितों.

आतां एक चित्रकार असा घेऊं कीं जेथें आमचें हें सारें प्रतिपादन अडतें. वासुदेव गायतोंडे १९२४ सालीं नागपुरास जन्मले, घराणें गोव्याचें, वाढले गिरगांवच्या चाळींत, शिकले जे. जे. कलाशाळेंत. २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयानें त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें. म्हणजे धुरंधरांचीच शाळा आणि त्यांनीं रेखाटलेलेंच शहर. पण गायतोंडे यांच्या परिपक्व काळांतील कॅन्व्हासवर ना माणूस, ना लुगडें, ना गल्ली. एकच रंग अनेक थरांनीं खोल गेलेला, आणि त्यांतून मधूनच कांहीं अक्षरासारख्या, पण अक्षर नसलेल्या खुणा तरंगत वर आलेल्या. येथें आजीला सांगण्यासारखें कांहीं नाहीं. चाळीच्या गजबजाटानें ही शांतता जन्मास घातली असें कोणी म्हणेल, तर तें ऐकावयास गोड आहे आणि बहुधा खोटें आहे. त्याच चाळींत आणखी शंभर मुलें वाढलीं. या चित्रापुढें बाप गोंधळतो आणि मूल विचारतें, ‘हें काय आहे?’ आपण त्याला गप्प बसवितों, किंवा लाज झांकण्यासाठीं म्हणतों कीं हें मोठ्या माणसांचें आहे. दोन्ही उत्तरें वाईट. प्रश्न योग्य आहे. त्याला आम्हांस सुचणारें उत्तर एकच : ‘मलाहि सांगतां येत नाहीं, बैस, पाहूं.’ आणि मग खरोखरच बसावें. पांच मिनिटें बसल्यावर जो पिवळा एकच वाटत होता तो एक नाहीं हें मुलाच्या आधीं लक्षांत येतें, असा आमचा अनुभव आहे. वडील माणूस अजून पाटी शोधीत असतो.

जिवंत चित्रकारांची गोष्ट याहून सोपी आहे, आणि तरी तेथेंच आपण सर्वांत भित्रे. १९५२ सालीं सर कावसजी जहांगीर यांच्या देणगींतून उभी राहिलेली जहांगीर चित्रशाळा कोणालाहि फुकट पाहतां येते. तेथें आठवड्या-आठवड्यानें प्रदर्शनें बदलतात, आणि ज्याचीं चित्रें टांगलेलीं असतात तो चित्रकार बहुतेक वेळां तेथेंच कोपऱ्यांतल्या टेबलाशीं बसलेला असतो. नाटककार प्रत्येक खेळाला दारांत बसून प्रेक्षकांच्या प्रश्नांची वाट पाहतो, असा प्रकार दुसऱ्या कोणत्या कलेंत आहे? पण कुटुंबें त्याच्यासमोरून चोरासारखीं जातात. थांबलों तर तो चित्र विकत घ्यावयास सांगेल असें त्यांस वाटत असावें. त्याला एकच प्रश्न विचारावा : हा रंग आधीं दिला कीं तो? अशा साध्या प्रश्नाला चित्रकार जितक्या आनंदानें उत्तर देतात तितक्या आनंदानें ते स्तुतीचेंहि उत्तर देत नाहींत. पूर्वीं याच इमारतींत ‘समोवार’ नांवाचें उपाहारगृह होतें. १९६४ पासून २०१५ पर्यंत तेथें चहाच्या पेल्यावर चित्रकार, विद्यार्थी आणि येणारेजाणारे एकाच बाकावर बसत, आणि आंत जें बोलावयाचें धैर्य झालें नाहीं तें तेथें बोलून होई. तें बंद झाल्यापासून प्रदर्शन पाहिलेलें कुटुंब सरळ रस्त्यावर येतें, आणि बोलणें राहून जातें.

रस्त्यावर आलें कीं मूल हमखास विचारतें : घोडा कोठें आहे? २०१७ पासून तेथें एक बिनस्वाराचा नवा घोडा उभा आहे. तो दाखवून बहुतेक पालक मोकळे होतात. मूळचा घोडा स्वारासकट होता. स्वार म्हणजे पुढें सातवा एडवर्ड झालेला तेव्हांचा युवराज. पुतळा आल्बर्ट ससून यांनीं शहरास दिलेला, बोअम नांवाच्या शिल्पकारानें घडविलेला. तो १८७९ सालीं येथें उभा राहिला आणि १९६५ सालीं उचलून भायखळ्यास राणीच्या बागेंत नेला गेला. त्यानंतर बावन्न वर्षें मुंबईकर रिकाम्या जागेला काळा घोडा म्हणत होते आणि त्यांत कोणाला कांहीं विपरीत वाटलें नाहीं. भायखळ्याच्या त्याच बागेच्या आवारांत भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, आणि त्याच्या बाहेर दगडी हत्ती आहे. हा घारापुरीचा. याच्यावरून परक्यांनीं त्या बेटाला एलिफंटा हें नांव दिलें. १८६४ सालीं त्याला विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हां उचलतां उचलतां तो फुटला. तुकडे मुंबईंत आले आणि १९१४ सालीं जुळवून उभे केले गेले. घोड्याचें नांव त्याच्या चौकांत राहिलें, हत्तीचें त्याच्या बेटावर, आणि दोन्ही जनावरें येथें. तीं दोन्ही, आणि संग्रहालयांतील कारागिरांच्या चिमुकल्या मातीच्या मूर्ति, एका सकाळींत सावकाश पाहून होतात. फक्त बुधवारीं जाऊं नये, त्या दिवशीं बाग बंद असते.